बिझनेस क्लास, चळवळीचा पैसा आणि आमचा हिशेब

चळवळीच्या पैशातून कोणी विमानाच्या बिझनेस क्लासने प्रवास करावा का? लंडनहून न्यूयॉर्कला जयंतीच्या कार्यक्रमासाठी वक्ता पाठवण्याची वेळ आली तेव्हा हा प्रश्न आमच्या गटात उभा राहिला. त्यावर जेवढी खडाजंगी झाली, तेवढी कार्यक्रमाच्या विषयावरही झाली नाही. प्रश्न एका तिकिटाचा दिसतो. पण त्यात त्यागाची कल्पना, नेतृत्वाची मस्ती, समाजाच्या पैशाची जबाबदारी आणि माहितीवरची मक्तेदारी एवढे सगळे गुंतलेले आहे. म्हणून आम्ही हा हिशेब जाहीरपणे मांडत आहोत.

हा हवाई मार्ग आपल्याला परका नाही. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. १९१६ मध्ये पहिले महायुद्ध चालू असताना, समुद्रात पाणबुड्यांचा धोका असताना, ते न्यूयॉर्कहून लंडनला आले. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन संस्थांच्या मध्ये जो अटलांटिक महासागर आहे, तो आपल्या इतिहासाचाच भाग आहे. आज आपली मुले-मुली या दोन्ही किनाऱ्यांवर शिकत आहेत, नोकऱ्या करत आहेत आणि दोन्हीकडे जयंती साजरी करत आहेत.

आमच्या ज्या ताईंना बोलावणे आले होते, त्या सत्तरी ओलांडलेल्या. विदर्भातून लग्न होऊन इंग्लंडला आल्या, आयुष्यभर रुग्णालयात सफाईचे आणि नंतर वॉर्डातले काम केले. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. पायात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास एकदा होऊन गेलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसायचे नाही. ताईंचे म्हणणे एवढेच होते, "मला पाठवायचे असेल तर जिवंत परत आणा, नाहीतर दुसऱ्या कोणाला पाठवा."

तेव्हा कोणीतरी बिझनेस क्लासचा विषय काढला. पाय पूर्ण लांब करून झोपता येईल अशी जागा. आणि लगेच आक्षेप आला. आक्षेप घेणारा आमचाच एक तरुण कार्यकर्ता, गोदामात रात्रपाळी करणारा. तो म्हणाला, "वर्गणी देणारे लोक बसने कामाला जातात. त्यांच्या पैशावर आपण गादीवर झोपून जायचे? उद्या प्रत्येक अध्यक्ष म्हणेल, मलाही पुढची खुर्ची हवी."

या आक्षेपात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, कार्यकर्त्याने हालात प्रवास केला म्हणजेच तो निष्ठावान, ही समजूत. दुसरी, आज गरजेसाठी दिलेली सवलत उद्या पदाचा हक्क बनेल, ही भीती. पहिली समजूत आम्हाला मान्य नाही. दुसरी भीती शंभर टक्के खरी आहे.

पहिल्या समजुतीबद्दल बोलू. गांधींचा तिसऱ्या वर्गाचा रेल्वे प्रवास या देशात त्यागाचे प्रतीक झाला. पण त्याग करायला आधी ती गोष्ट तुमच्या ताब्यात असावी लागते. ज्याला पहिल्या वर्गात बसण्याचा अधिकार जन्मतः आहे, त्याने तिसऱ्या वर्गात बसणे हा त्याग ठरतो. ज्याला गाडीवान बैलगाडीतही बसू देत नव्हता, त्याने कुठला वर्ग त्यागायचा? आपल्या माणसांच्या अंगावर हाल जन्माने लादले गेले. त्या हालांनाच आपण चळवळीचा अलंकार मानू लागलो तर ती व्यवस्थेला दिलेली मान्यताच होईल.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कमध्ये राहताना त्यांनी पोटाला चिमटा काढला, पण पुस्तके घेताना हात आखडला नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावे लागले, तेव्हा सामानाचे जहाज टॉर्पेडोने बुडाले आणि त्यात त्यांची पुस्तकेही गेली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. म्हणजे काटकसर होती, पण ती उद्दिष्टासाठी होती, देखाव्यासाठी नव्हती. जिथे खर्च केल्याने काम पुढे जाते तिथे खर्च, जिथे जात नाही तिथे एक पैसाही नाही. आमच्या मते समाजाचा पैसा वापरण्याची हीच कसोटी असली पाहिजे.

आता तिकिटाकडे येऊ. आम्ही पहिल्या दिवशी शोधले तेव्हा बिझनेस क्लासच्या परतीच्या तिकिटाचा जो आकडा दिसला, तो पाहून आमच्यापैकी निम्मे लोक तिथेच उठले. पण तो आकडा म्हणजे त्या खुर्चीची किंमत नव्हती. विमानात एका खुर्चीला एक किंमत नसते. बिझनेस क्लासच्या एकाच केबिनमध्ये जे, सी, डी, आय अशा अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक भाडेगट असतात. शेजारी शेजारी बसलेल्या, तेच जेवण जेवणाऱ्या दोन प्रवाशांपैकी एकाने दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे दिलेले असू शकतात. ज्याचे तिकीट कंपनी काढते, ज्याला आज ठरवून परवा जायचे आहे, त्याच्यासाठी महाग गट. ज्याला आधी ठरवता येते, तारीख मागेपुढे करता येते, रद्द करण्याची मुभा सोडता येते, त्याच्यासाठी स्वस्त गट. लंडन-न्यूयॉर्क हा बँका आणि वकिलांच्या कंपन्यांचा मार्ग आहे. भाडी त्यांच्या सोयीने वर चढतात आणि ते नसतात तेव्हा खाली येतात.

ते कधी नसतात? ऑगस्टमध्ये, नाताळ ते नववर्ष या आठवड्यात, ईस्टरच्या सुट्टीत. या दिवसांत मागच्या इकॉनॉमीच्या जागा पर्यटकांनी भरतात आणि महागतात, पण पुढच्या जागा रिकाम्या राहतात आणि पुष्कळदा उतरतात. स्वस्त भाड्याला अनेकदा एक शनिवारची रात्र तिकडे राहण्याची अटही असते, कारण सोमवारी जाऊन गुरुवारी परतणाऱ्या अधिकाऱ्याला ते भाडे मिळू नये, हाच तिचा हेतू. आमचा कार्यक्रम शनिवार-रविवारीच होता. म्हणजे ज्या अटीने अधिकारी अडतो, ती आम्हाला आपोआप पूर्ण होत होती.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. या मार्गावर कंपन्यांची नावे खूप दिसतात, पण त्यांच्यात मोठे गट तीनच आहेत. ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन एअरलाइन्स एकीकडे, व्हर्जिन अटलांटिक आणि डेल्टा दुसरीकडे, युनायटेड आणि लुफ्तान्सा तिसरीकडे. अमेरिकी सरकारने या गटांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आहे, त्यामुळे गटातल्या कंपन्या भाडी आणि वेळापत्रक मिळून ठरवू शकतात. म्हणून एकाच गटातल्या दोन कंपन्यांची तुलना करून फार काही हाती लागत नाही. तुलना गटागटांत करावी आणि गटाबाहेरच्यांशी करावी. जेटब्लू ऑगस्ट २०२१ मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्गावर उतरली. पॅरिस ते न्यूअर्क ला कंपनी नावाची विमानसेवा आहे, तिच्या विमानात फक्त ७६ खुर्च्या आणि सगळ्या बिझनेसच्या. लिस्बनमार्गे टॅप, रेक्याविकमार्गे आइसलँडएअर असेही पर्याय आहेत. भाडे बाहेरच्या आव्हानाने उतरते, प्रस्थापितांच्या दयेने नाही. १९७७ मध्ये फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क एकेरी प्रवास ५९ पाउंडांत सुरू केला तेव्हाही हेच दिसले. १९८२ मध्ये त्याची कंपनी बुडाली, पण साध्या माणसालाही अटलांटिक ओलांडता येतो हे तिने दाखवून दिले होते.

तिसरी गोष्ट कराची. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानाच्या प्रवाशाला एअर पॅसेंजर ड्यूटी भरावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून न्यूयॉर्कच्या अंतरासाठी ती इकॉनॉमीत ९० पाउंड आणि त्यावरच्या वर्गात २१६ पाउंड झाली. लक्षात घ्या, प्रीमियम इकॉनॉमीलाही वरचाच दर लागतो. हा कर फक्त ब्रिटनमधून निघताना आहे, अमेरिकेहून परतताना नाही. आयर्लंडने असा कर २०१४ मध्येच काढून टाकला. म्हणून अनेक जण डब्लिनपासून सुरू होणारे तिकीट काढतात. तिथे कर वाचतोच, पण मूळ भाडेही बऱ्याचदा कमी असते, कारण भाडे अंतरावर नव्हे, तर त्या शहरातला प्रवासी किती देऊ शकतो यावर ठरते. शिवाय डब्लिन विमानतळावरच अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी होऊन जाते.

मग आम्ही डब्लिनहून पाठवले का? नाही. लंडनहून डब्लिनला जायचे वेगळे तिकीट काढावे लागते. ते विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाची कंपनी जबाबदार राहत नाही. म्हणून आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणेच शहाणपणाचे. विशीतल्या विद्यार्थ्याला ते जमेल. गुडघ्यांत धातू बसवलेल्या ताईंना दोन जादा विमानतळ आणि एक अनोळखी खोली देऊन वाचवलेले पैसे आम्हाला नको होते. स्वस्त तिकीट आणि रास्त तिकीट यांतला फरक इथे आहे.

आमचा प्रश्न शेवटी सुटला तो घड्याळाकडे पाहिल्यावर. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी बहुतेक विमाने दिवसा जातात. प्रवास साधारण आठ तासांचा. माणूस जागा असतो, उठून फेऱ्या मारू शकतो आणि तिथल्या दुपारी उतरतो. परतीचा प्रवास मात्र बहुतेक वेळा रात्रीचा. साडेसहा-सात तास, सगळे दिवे बंद, शेजारचा झोपलेला, उठायचे म्हणजे त्याला उठवायचे. त्यामुळे म्हातारे माणूस उठतच नाही. पाय सुजतात ते याच रात्री. म्हणजे झोपण्याच्या जागेची खरी गरज एकाच बाजूला होती. आम्ही एकाच परतीच्या तिकिटात जाताना प्रीमियम इकॉनॉमी, मधल्या वाटेजवळची जागा, आणि येताना बिझनेस क्लास असे मिश्र भाडे मागितले. दोन एकेरी तिकिटे वेगवेगळी काढली असती तर जुन्या मोठ्या कंपन्यांकडे ती पुष्कळदा परतीच्या तिकिटाहून महाग पडतात. त्यामुळे एकच तिकीट. पहिल्या दिवशी दिसलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले.

काही खबरदाऱ्या आम्ही घेतल्या, त्या सगळ्यांनी घ्याव्यात. बिझनेस क्लास लिहिले म्हणजे खुर्ची सपाट होतेच असे नाही. आइसलँडएअरची पुढची खुर्ची रुंद आहे, पण ती पलंग होत नाही. युरोपातल्या छोट्या टप्प्यावर तर बहुतेकदा साधीच खुर्ची असते आणि शेजारची जागा रिकामी ठेवतात. म्हणून विमान कोणते आणि खुर्ची कशी, हे आधी बघावे. तिकिटाचा पहिला टप्पा कधीही सोडू नये, सोडला तर पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. अमेरिकेच्या नियमानुसार, उड्डाणाला किमान ७ दिवस असताना थेट विमान कंपनीकडून घेतलेले तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येते, किंवा कंपनी तेवढा वेळ भाडे राखून ठेवते. यातले काय मिळते ते आधी विचारावे. रात्री काढून सकाळी सर्वांना दाखवायला एवढा अवधी पुरतो. ब्रिटनमध्ये १०० पाउंडांपेक्षा जास्त किमतीची वस्तू वा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली तर ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीही जबाबदार असते. विमान कंपनी बुडाली तर हेच कलम कामी येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हीलचेअर आणि मदतनीस हा प्रवाशाचा हक्क आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो इकॉनॉमीतही मिळतो. किमान ४८ तास आधी कळवायचे. आपल्या कितीतरी आई-वडिलांना हे कोणी सांगितलेलेच नसते. "कशाला उगाच त्रास द्यायचा," म्हणत ते लंगडत चालत राहतात.

पॉइंट्सबद्दलही बोलले पाहिजे, कारण बिझनेस क्लास फुकटात मिळतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पॉइंट्स मिळतात क्रेडिट कार्डावर खर्च केल्याने. कार्ड मिळते पत असल्याने. पत तयार होते पगार, पत्ता आणि बँकेचा जुना व्यवहार असल्याने. काल आलेल्या विद्यार्थ्याकडे किंवा तात्पुरत्या कामावरच्या मजुराकडे यातले काहीच नसते. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी देणारी ही योजना आहे. पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि अधिभार भरावे लागतात आणि लंडनहून निघताना ते भारी असतात. ज्यांच्याकडे पॉइंट्स आहेत त्यांनी जरूर वापरावेत, चळवळीसाठी दिले तर उत्तमच. पण समाजातल्या तरुणाने पॉइंट्ससाठी कर्जात पडू नये. कार्डावरच्या थकबाकीचे व्याज कुठल्याही मोफत खुर्चीपेक्षा महाग पडते.

इथे आमचा मूळ मुद्दा येतो. हे सगळे नियम गुप्त नाहीत. तरी ते कोणाला माहीत असतात? ज्यांच्या घरात तीन पिढ्या विमानाने फिरत आहेत, ज्यांचा मामा परदेशात आहे, ज्यांच्या ऑफिसात प्रवासाची कामे बघायला वेगळा माणूस आहे. जेवणाच्या टेबलावर ही माहिती मुलांच्या कानावर पडते. आपल्या मुलांच्या घरात परदेशाचे पहिले तिकीट तेच असते. त्यामुळे तीच खुर्ची, तोच मार्ग आणि तरी किंमत आपण जास्त मोजतो. जात शाळेच्या दारात दिसते, विहिरीवर दिसते. ती इथेही असते, न सांगितलेल्या माहितीच्या रूपात. ज्ञानावरची मक्तेदारी ही या व्यवस्थेची जुनीच पद्धत आहे. तिला उत्तर एकच: मिळालेली माहिती अडवून ठेवायची नाही, वाटायची.

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या दुसऱ्या भीतीकडे. ती आम्ही हसण्यावारी नेली नाही. आपल्या चळवळीत गाडीच्या पुढच्या सीटवरून, मंचावरच्या मधल्या खुर्चीवरून संघटना फुटलेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणून आम्ही लेखी नियम केले. पहिला, वरचा वर्ग शरीराच्या गरजेनुसार मिळेल, पदानुसार नाही. अध्यक्ष धडधाकट असेल तर तो मागे बसेल आणि आजारी कार्यकर्ता पुढे बसेल. दुसरा, सर्वसाधारण निधीतून फक्त इकॉनॉमीएवढी रक्कम जाईल. वरची रक्कम त्या प्रवासासाठी उघडपणे मागितलेल्या वेगळ्या वर्गणीतून. तिसरा, तिकीट काढण्यापूर्वी किमान तीन गटांची भाडी मांडून दाखवायची. चौथा, पावती सर्वांसमोर ठेवायची. पाचवा, त्या प्रवासातून मिळालेले पॉइंट्स व्यक्तीचे नाहीत, ते विद्यार्थ्यांच्या तिकिटासाठी वापरायचे. पॉइंट्स खात्यावर प्रवाशाच्या नावानेच जमा होतात, म्हणून प्रवाशाने तसे आधी लिहून द्यायचे.

वेगळी वर्गणी दोन आठवड्यांत जमली. त्या तरुणाने तीत पैसे दिले नाहीत. "नियम मान्य, पण माझा पैसा विद्यार्थ्याच्या फीला जाईल," असे तो म्हणाला आणि त्याने तो तिथे दिला. त्याचे मत आम्ही इतिवृत्तात नोंदवले आहे. विरोध नोंदवण्याची जागा नसेल तर ती आंबेडकरवादी संघटना कसली?

ताई गेल्या, पाऊण तास उभ्या राहून बोलल्या. त्या भाषणात रुग्णालयातल्या सफाई कामगारांचे चार दशकांचे अनुभव होते, जे कुठल्याही प्राध्यापकाकडे नाहीत. परतीच्या रात्री त्या झोपून आल्या. विमानतळावर आम्ही विचारले, "ताई, कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "पाय सुजले नाहीत. सोमवारी मीटिंग आहे ना?"

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या कोलंबियाला जातील, लंडनला जातील, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर परिषदेला जातील. तुम्ही मागच्या खुर्चीत बसून जा, तुमचे पाय तरुण आहेत. पण वडीलधाऱ्यांना पाठवताना त्यांच्या हालांना निष्ठा म्हणू नका. भाड्याचा पहिला आकडा पाहून मान खाली घालू नका, तो आकडा कोणी आणि कोणासाठी ठरवला ते विचारा. आणि एकदा रास्त तिकीट सापडले की ते कसे सापडले हे आपल्या मागच्या दहा जणांना सांगा. पुढची खुर्ची कोणाच्या बापाची नाही. पण समाजाच्या पैशाने तिथे बसायचे असेल तर कारण शरीराचे हवे, काम समाजाचे हवे आणि पावती सगळ्यांसमोर हवी.

जय भीम!